मोटारीसाठीं वाटदर्शक यंत्र निवडतांना

आमच्या संस्थेच्या सभासदांपैकीं ज्यांचेजवळ पूर्वीं बैलगाडी व फार तर एक फटफटी असे, त्यांपैकीं पुष्कळांचे दारीं आज मोटार उभी आहे. धानाचें बियाणें आणणें, गिरणीवर पोतीं पोंचविणें, आजारी माणसास गडचिरोलीस किंवा चंद्रपुरास नेणें, सोयरिकीला जाणें, हीं सर्व कामें आतां मोटारीनें होतात. मोटारीमागोमाग वाट दाखविणारें यंत्रहि आलें. लोक त्यास नुसतें ‘जीपीएस’ किंवा ‘मॅप’ म्हणतात. दुकानांत गेलें कीं त्याचे अनेक प्रकार पुढें ठेवले जातात, प्रत्येकाची स्तुति सारखीच केली जाते, आणि घेणारा गोंधळून जातो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत राहणाऱ्या शेतकऱ्यानें कोणतें यंत्र पसंत करावें आणि त्यावर कितपत विसंबावें, याविषयीं स्वानुभवाच्या चार गोष्टी सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रविद्येंतील तज्ज्ञ नाहीं. माझें शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंत झालें, व पुढील आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. गांवनकाशे, हद्दीचे दगड व पांदण रस्त्यांचे तंटे यांत तीसांवर वर्षें घालविल्यामुळें कागदावरील वाट आणि जमिनीवरील वाट यांत किती अंतर असतें, तें मात्र मला ठाऊक आहे.

एका रात्रीची हकीकत

माझी धाकटी मुलगी एटापल्ली तालुक्यांतील एका लहान गांवीं दिली आहे. गतवर्षीं श्रावणांत तिचे दिवस भरत आले होते. एके दिवशीं सायंकाळीं जांवईबापूंचा फोन आला, ‘मामाजी, कळा सुरू झाल्या आहेत. रुग्णवाहिका पुरामुळें नाल्यापलीकडे अडकली आहे. गाडी घेऊन येतां येईल काय?’ आम्ही राहतों चामोर्शीकडे. मुलानें गाडी काढली, फोन काचेजवळच्या स्टँडमध्यें बसविला, आणि आष्टी, आलापल्ली या मार्गानें आम्ही निघालों.

आष्टीपर्यंत फोन बिनचूक बोलत होता. आलापल्लीच्या पुढें जंगल दाट झालें, रेंज गेली, आणि थोड्याच वेळांत पडद्यावरील नकाशा पुसला गेला. आमच्या गाडीचा निळा ठिपका तेवढा चालत होता. त्याच्या भोंवतीं रस्ता नाहीं, गांव नाहीं, नदी नाहीं, नुसता करडा पडदा. पाऊस लागलेला, अंधार पडलेला. एका फाट्यावर आम्हीं अंदाजानें उजवा हात धरला. कांहीं किलोमीटर गेल्यावर गाडीच्या दिव्यांत पाणी चमकलें. रस्ता रपट्यावर उतरत होता आणि रपट्यावरून पाणी चाललें होतें. किती खोल, तें कळेना. मुलगा म्हणाला, ‘बाबा, गाडी उंच आहे. निघून जाऊं.’

इतक्यांत बाजूच्या बांधीवरून एक म्हातारा विजेरी हालवीत आला व म्हणाला, ‘भाऊ, गाडी टाकू नका. दुपारपासून पाणी वाढूनच राहिलं. अन् हा रस्ता एटापल्लीचा नाही. मागं फाट्यावर डाव्या हाताला जायचं होतं.’ तो गाडींत बसून फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आला, नीट मार्गावर आम्हांस लावून दिलें, आणि भर पावसांत पायीं परत गेला. घाईंत आम्हीं त्याचें नांवहि विचारलें नाहीं.

या घोटाळ्यांत आमचे दोन तास गेले. मुलीला रुग्णालयांत पोंचविलें तेव्हां पहाट होत आली होती. नातू झाला, मायलेकरें सुखरूप आहेत. परंतु डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतें.’ तें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं.

त्या रात्रींतून दोन प्रश्न उरले. ठिपका चालत असतां नकाशा कां गेला? आणि नकाशा असता, तरी त्यानें रपट्यावरील पाणी सांगितलें असतें काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्यास नीट समजलीं, त्यास यंत्राची निवड अवघड जाणार नाहीं.

ठिपका कोठून येतो व नकाशा कोठून येतो

शेताच्या हद्दीचा एखादा दगड हरवला म्हणजे मोजणीदार काय करतो? शाबूत असलेल्या दोन दगडांपासून नकाशावरील अंतरें साखळीनें धरतो. तीं अंतरें जेथें मिळतात तेथें हरवलेल्या दगडाची जागा. ज्ञात जागांवरून अज्ञात जागा काढावयाची, हेंच त्यांतील तत्त्व. साऱ्या हिंदुस्थानची मोजणी याच तत्त्वावर, पण कोन मोजून झाली. ती १८०२ सालीं मद्रासेस सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हा काम करीत करीत नागपुराकडे येत असतां, आपल्या शेजारच्या हिंगणघाटास २० जानेवारी १८२३ रोजीं मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे.

उपग्रहांचें कामहि असेंच चालतें. येथें शाबूत दगड म्हणजे आकाशांतील उपग्रह. अमेरिकेच्या जीपीएस पद्धतीचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि सर्व पृथ्वीवर काम चालण्यास ते निदान २४ असावे लागतात. ‘मी अमुक ठिकाणीं आहें व आतां अमुक वेळ झाली आहे’, एवढेंच प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो. संदेश निघण्याची वेळ व पोंचण्याची वेळ यांतील फरकावरून आपलें यंत्र अंतर काढतें. संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर या गतीनें येतो. त्यामुळें सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळें ठेवलेलीं असतात. आपल्या यंत्रांतील घड्याळ साधें असतें. त्याची चूक काढून टाकण्यासाठीं तिहींऐवजीं चार उपग्रह दिसावे लागतात.

ही पद्धति मूळची लष्कराची. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकलेलें एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएट लढाऊ विमानानें पाडलें, त्यानंतर ती सर्वांस खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तरी सामान्यांसाठींच्या संदेशांत मुद्दाम चूक ठेवलेली असे. ती मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली. आज मोकळ्या आकाशाखालीं साधा फोनहि सुमारें पांच मीटरांच्या आंत जागा दाखवितो.

आपल्या देशाची ‘नाविक’ ही स्वतंत्र पद्धति आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटला. पुढें त्यांतील कांहीं उपग्रहांचीं अणुघड्याळें बंद पडलीं, म्हणून नव्या पिढीचे उपग्रह पाठविण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. २९ मे २०२३ रोजीं गेलेल्या उपग्रहांत देशी बनावटीचें अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५ मध्यें सुटलेला त्यापुढील उपग्रह मात्र नियोजित कक्षेंत पोंचूं शकला नाहीं. तेव्हां यंत्रावर ‘नाविक’ लिहिलेलें असल्यास उत्तम. परंतु त्याबरोबर अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास व युरोपची गॅलिलिओ या पद्धतींचे संदेशहि तें घेत असावें. सागवानाच्या ओल्या पानांखालीं संदेश क्षीण होतात, आणि जितके अधिक उपग्रह ऐकूं येतील तितका ठिपका स्थिर राहतो.

आतां मुद्द्याची गोष्ट. उपग्रहाचा संदेश घेण्यास मोबाइलचा टॉवर लागत नाहीं, सिमकार्ड लागत नाहीं व पैसेहि पडत नाहींत. यंत्र फक्त ऐकण्याचें काम करतें. ठिपक्याखालील नकाशा ही मात्र वेगळी वस्तु आहे. बहुतेक फोन तो तुकड्यातुकड्यांनीं इंटरनेटवरून मागवीत असतात. टॉवर मागें पडला कीं नकाशा गेला, ठिपका राहिला! आमच्या गाडींत त्या रात्रीं नेमकें हेंच झालें. ई-पीक पाहणी करितांना बांधावर उभ्या राहून काढलेल्या फोटोबरोबर फोन अक्षांश-रेखांश टिपून घेतो, परंतु माहिती वर पाठविण्यास रेंज शोधीत हिंडावें लागतें. हा अनुभव ज्यांस आहे, त्यांस हा भेद अधिक फोडून सांगावयास नको.

यंत्रांचे चार प्रकार

बाजारांत मिळणाऱ्या यंत्रांचे स्थूलमानानें चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार इंटरनेटवरून नकाशा घेणाऱ्या फोनचा. नागपुरासारख्या शहरांत याच्यासारखा सोबती नाहीं. पुढील चौकांत गर्दी आहे हेंहि तो सांगतो. आपल्या जंगलांत तो अर्ध्या वाटेंत सोडून जातो.

दुसरा प्रकार नकाशा आधींच उतरवून ठेवलेल्या फोनचा. फोन तोच, फक्त घरून निघण्यापूर्वीं दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा ‘डाऊनलोड’ करून ठेवावयाचा. गूगलच्या नकाशांत ही सोय आहे. तशीच ती ऑरगॅनिक मॅप्स व ऑस्मॲंड यांत आहे. हे दोन नकाशे लोकांनीं मिळून तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर आधारलेले असून विनामूल्य मिळतात. उतरविलेला नकाशा कालांतरानें शिळा होतो व पुन्हां उतरवावा लागतो, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रकार काचेवर चिकटविण्याच्या स्वतंत्र यंत्राचा. गार्मिन व टॉमटॉम यांचीं अशीं यंत्रें जगभर प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे मॅपमायइंडियानेंहि तीं काढलीं होतीं. यांत सर्व नकाशा पोटांतच असतो, अक्षरें मोठीं असतात, आणि मध्येंच कोणाचा फोन येऊन वाट दाखविणें थांबत नाहीं. परंतु फोनमुळें अशीं यंत्रें बाजारांत विरळ झालीं आहेत. घेतांना भारताचा नकाशा आंत आहे काय, व तो पुढें किती वर्षें फुकट नवा करून मिळेल, हें लिहून घ्यावें. जुनें यंत्र स्वस्त मिळतें म्हणून घेऊं नये. त्यांतील नकाशांत गेल्या कांहीं वर्षांतील नवे पूल व रस्ते सांपडणार नाहींत.

चौथा प्रकार मोटारींतच बसवून आलेल्या पडद्याचा. येथें एकच प्रश्न विचारावा: या पडद्याचा नकाशा त्याच्याच पोटांत आहे, कीं तो फोनमधील नकाशा नुसता मोठा करून दाखवितो? बहुधा दुसरें उत्तर येतें. तसें असल्यास फोनचे गुणदोष तेच पडद्याचे गुणदोष.

रोवणीपासून कापणीपर्यंत मीं यांपैकीं तीन प्रकार त्याच रस्त्यावर पुन्हां पुन्हां नेऊन पाहिले. पहिला प्रत्येक खेपेस आलापल्लीपुढें मुका झाला. दुसरा व तिसरा शेवटपर्यंत चालले. पुतण्याकडून आणलेलें स्वतंत्र यंत्र पडद्यानें चांगलें, पण त्यांत दोन टोल्यांचा पत्ताच नव्हता. अखेरीस मीं जें पसंत केलें त्यास नवा पैसा पडला नाहीं. घरांत मुलाचा जुना फोन पडला होता. त्यांतील सिमकार्ड काढलें, घरीं इंटरनेटवर जोडून नकाशा उतरवून घेतला, आणि तो फोन कायमचा मोटारीच्या हवालीं केला. बोलण्याचा फोन निराळा राहिल्यामुळें त्याचीहि बॅटरी वांचते. मात्र जुन्या फोनची बॅटरी फुगलेली नाहीं, हें आधीं पाहावें. फुगलेली असल्यास तो फोन गाडींत ठेवूं नये.

विकत घेण्यापूर्वींच्या कसोट्या

ज्यांस नवें यंत्र घ्यावयाचें आहे त्यांनीं पुढील कसोट्या दुकानाच्या ओट्यावरच लावाव्या.

पहिली कसोटी रेंजविना चालण्याची. फोन असल्यास त्याचा ‘एअरप्लेन मोड’ चालू करावा, इंटरनेट बंद झाल्याची खात्री करावी, आणि मग सिरोंचा किंवा कोरची येथील वाट विचारावी. वाट निघाली तर पुढें बोलावें. न निघाली तर उठावें.

दुसरी कसोटी भाषेची. आपल्या घरांतील सर्वांस इंग्रजी अक्षरें जुळवितां येत नाहींत. गांवाचें नांव मराठींत लिहितां आलें पाहिजे, आणि ‘डावीकडे वळा’ हें मराठींत ऐकूं आलें पाहिजे. पडद्याकडे न पाहतां कानानेंच वाट कळणें, हा मोठा गुण होय.

तिसरी कसोटी सोपेपणाची. दुकानदाराच्या हातीं सर्व यंत्रें सोपीं असतात. ज्यानें तें यंत्र पूर्वीं पाहिलेलें नाहीं अशा आपल्या घरच्या माणसाच्या हातीं तें द्यावें आणि ‘घरची वाट काढ’ एवढेंच सांगावें. पांच मिनिटांत निघाली तर यंत्र सोपें. माझ्या पत्नीनें जुन्या फोनवर ती तीन मिनिटांत काढली. पुतण्याच्या यंत्रावर तिनें दहा मिनिटांनीं हात टेकले.

चौथी कसोटी उन्हाची. भर दुपारीं बाहेर नेऊन अक्षरें दिसतात काय तें पाहावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि बंद मोटारींत काचेजवळ त्याहून पुष्कळ अधिक ऊन तापतें. अशा उष्णतेंत फोन आपोआप बंद पडतात. म्हणून स्टँड शक्य तर एसीच्या झरोक्याजवळ असावा, व गाडी उभी केली म्हणजे यंत्र काढून घ्यावें. चालविणाऱ्याची नजर त्यामुळें अडतां कामा नये. वाट पाहण्यापुरता फोन वापरण्यास १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार-वाहन नियमांत मुभा आहे, परंतु चालविणाऱ्याचें लक्ष विचलित न होईल अशाच रीतीनें. पत्ता लिहावयाचा तो गाडी उभी करून.

पांचवी कसोटी पुरवठ्याची. मोटारीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर यंत्र चार्ज होत राहतें काय, हें पाहावें. वाट दाखवितांना पडदा सतत जळत असल्यामुळें बॅटरी लवकर उतरते.

आणखी एक गोष्ट, जी न समजल्यामुळें पुष्कळजण चांगल्या यंत्रास नांवें ठेवतात. कोणता उपग्रह केव्हां कोठें असेल याचें पंचांग उपग्रह स्वतःच पाठवीत असतात. जीपीएसचें पूर्ण पंचांग उतरण्यास साडेबारा मिनिटें लागतात. रेंज असली म्हणजे फोन हें सर्व इंटरनेटवरून क्षणांत मिळवितो. रेंज नसतां, आणि यंत्र पुष्कळ दिवस बंद असतां, त्यास पहिला ठिपका शोधण्यास वेळ लागतो. अशा वेळीं झाडाखालून निघून उघड्या जागीं कांहीं मिनिटें स्वस्थ उभें राहावें. यंत्र बिघडलें असें समजून त्याच्याशीं खटपट करूं नये.

सारख्या नांवांचा घोटाळा

यंत्र उत्तम असलें तरी त्यास चुकीचें गांव सांगितलें तर तें बिनतक्रार तिकडे नेईल. आष्टी आपल्या चामोर्शी तालुक्यांत आहे, वर्धा जिल्ह्यांत आहे, आणि बीड जिल्ह्यांतहि आहे. नांदेड म्हटलें म्हणजे यंत्र मराठवाड्याकडे तोंड करतें. परंतु एचएमटी धानाचे जनक कै. दादाजी खोब्रागडे यांचें नांदेड आपल्या नागभीड तालुक्यांत आहे. नवेगांवें तर किती म्हणून मोजावीं! उलट वडसा व देसाईगंज हीं एकाच गांवाचीं दोन नांवें. टोल्यांचीं नांवें बहुधा नकाशांत नसतातच.

यावर उपाय अक्षांश-रेखांशाचा. ज्या ठिकाणीं वारंवार जावें लागतें तेथें एकदां उभें राहून यंत्रांत ती जागा नांवानिशीं साठवावी, व दोन्ही आंकडे वहींत उतरून ठेवावे. चंद्रपूर शहराचे आंकडे सुमारें १९.९५ व ७९.३० असे आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पहिला आंकडा १८ ते २१ च्या व दुसरा ७८ ते ८१ च्या दरम्यानच असावयाचा; याबाहेरचा दिसला तर निघण्यापूर्वींच चूक शोधावी. दशांशचिन्हापुढें पांच अंक घेतले म्हणजे जागा सुमारें एका मीटरापर्यंत ठरते. डाकखात्यानें २०२५ च्या मे महिन्यांत ‘डिजिपिन’ नांवाची दहा अक्षरांची खूण प्रसिद्ध केली आहे. ती सुमारें चार मीटर लांब-रुंद चौकोन दाखविते. शेतांतील एकाकी घरास घरक्रमांक नसला तरी ही खूण असते. ती दारावर लिहून ठेवली, तर आणीबाणीच्या वेळीं रुग्णवाहिकेस फोनवर सांगतां येईल.

यंत्र काय सांगत नाहीं

आतां दुसरा प्रश्न. नकाशा शाबूत असता तर रपट्यावरील पाणी आम्हांस कळलें असतें काय? कळलें नसतें. आम्ही योग्य फाट्यावर वळलों असतों हें खरें. परंतु त्या मार्गावर पाणी असतें, तर यंत्रानें तितक्याच गोड आवाजांत ‘सरळ पुढें जा’ असें सांगितलें असतें.

जानेवारी २०२१ मध्यें अकोले तालुक्यांत कोतूळजवळ असेंच झालें. पुण्याकडून कळसूबाईस निघालेल्या मंडळींची मोटार फोननें दाखविलेल्या वाटेनें रात्रीं गेली, ती धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर. दोघे वांचले, एकजण बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीकडे रामगंगेच्या पुलावरून मोटार खालीं कोसळून तिघे मरण पावले. पुलाचा पुढील भाग पुरानें आधींच वाहून गेला होता, पण नकाशांत पूल पुरा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बिहारकडून गोव्यास निघालेलें एक कुटुंब जवळच्या वाटेच्या मोहानें बेळगांव जिल्ह्यांत खानापूरच्या जंगलांत शिरलें व रात्रभर अडकलें. पायपीट करून रेंज मिळाली तेव्हां कोठें पोलिसांस कळवितां आलें.

महसूल खात्यांतील भाषेंत सांगावयाचें तर नकाशा हा मागील तारखेचा पंचनामा आहे. पंचनाम्यानंतर काय झालें तें त्यांत नसतें. शहरांत हजारों फोन रस्त्यावरून जात असतात, त्यांवरून नकाशास आजची स्थिति कळते. आपल्या जंगलांतील रस्त्यावर दिवसांतून चार गाड्या जातात आणि त्यांनाहि रेंज नसते. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग तुटल्याचें आपण कितीदां तरी ऐकलें आहे. तें ऐकावयाचें असतें तें माणसाकडून.

तेव्हां यंत्र कोणतेंहि घेतलें तरी पुढील शिस्त पाळावी. यंत्रांत ‘कच्चे रस्ते टाळा’ अशी खूण असल्यास ती पावसाळ्यांत चालू ठेवावी; सर्वांत जवळची वाट ही सर्वांत चांगली असतेच असें नाहीं. जंगलांत शिरण्यापूर्वींच्या शेवटच्या मोठ्या गांवीं, आलापल्लीस, धानोऱ्यास किंवा मोहर्लीस, चहाच्या टपरीवर गाडी थांबवून पुढील नाले व वनखात्याचीं फाटकें यांची चौकशी करावी. वाटेवरील गांवांचीं नांवें क्रमानें एका कागदावर लिहून खिशांत ठेवावीं. आणि रपट्यावरून पाणी वाहत असतां, यंत्र कांहींहि सांगो, गाडी घालूं नये.

सभासदांस सूचना

नकाशांतील उणिवा आपल्या आपणांस भरून काढतां येतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. ओपनस्ट्रीटमॅपचें काम २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झालें, आणि त्यांत कोणासहि आपल्या गांवाची वाट, विहीर किंवा पूल नोंदवितां येतो. १५ फेब्रुवारी २०२१ पासून केंद्र सरकारनेंहि नकाशे तयार करण्यावरील जुने निर्बंध बरेच सैल केले आहेत. प्रत्येक सभासदानें आपल्या घरच्या शिकलेल्या मुलाकडून आपला टोला, तेथवर जाणारी बारमाही वाट आणि पावसांत बुडणारा रपटा, एवढ्या तीन गोष्टी नोंदविल्या, तरी दोन वर्षांत आपल्या तालुक्यांचा नकाशा शहरवाल्यांनाहि हेवा वाटेल असा होईल. संस्थेच्या कचेरींत पावसाळ्यापुरता एक फळा ठेवून त्यावर कोणता रपटा बंद आहे तें रोज लिहिण्याची सोय चालकांनीं करावी, अशीहि माझी सूचना आहे.

सारांश असा कीं, यंत्र जरूर घ्यावें. नकाशा पोटांत असलेलें, मराठी बोलणारें, घरच्या कोणाहि माणसास वापरतां येणारें घ्यावें. घरीं जुना फोन असल्यास आधीं तोच वापरून पाहावा. आपण कोठें आहों, हें तें अचूक सांगेल. पुढील वाट आज चालूं आहे कीं नाहीं, हें मात्र त्या वाटेवर राहणाऱ्यासच विचारावें. यंदा रोवणी आटोपल्यावर एटापल्लीस नातवाला पाहण्यास जाण्याचा बेत आहे. नकाशा नवा उतरवून ठेवला आहे, आणि तो फाटा त्यांत नांवानिशीं नोंदविला आहे. वाटेंत त्या बांधीजवळ गाडी थांबवून विजेरीवाल्या म्हाताऱ्याचें नांव विचारावयाचें राहिलें आहे, तेंहि या खेपेस विचारून घेऊं.

या बाबतींत सभासद बंधूंस कांहीं निराळा अनुभव आला असल्यास त्यांनीं तो मासिकाकडे अवश्य कळवावा, ही विनंति.